सुएझ कालव्याची कोंडी (२०२१)

सुएझ कालव्याची कोंडी ही २३ ते २९ मार्च, इ.स. २०२१ या काळात इजिप्तमधील सुएझ कालव्यात घडलेली सागरी दुर्घटना आहे. 'एव्हर गिव्हन' हे सुमारे ४०० मीटर लांबीचे कंटेनरवाहू जहाज कालव्याच्या दक्षिण भागात दोन्ही काठांमध्ये तिरपे अडकून रुतले आणि आशिया व युरोप यांना जोडणारा सर्वांत जवळचा सागरी मार्ग सहा दिवस पूर्णपणे बंद राहिला. एका जहाजाच्या अडकण्याने जागतिक पुरवठा साखळी किती सहज विस्कळीत होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून ही घटना वारंवार दिली जाते. मात्र कालवा मोकळा झाल्यावरही प्रकरण संपले नाही. जहाज, त्यावरील माल आणि बहुतेक भारतीय खलाशी पुढे तीन महिन्यांहून अधिक काळ इजिप्तमध्ये अडकून राहिले.

पार्श्वभूमी

भूमध्य समुद्र व तांबडा समुद्र यांना जोडणारा सुएझ कालवा इ.स. १८६९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याची लांबी सुमारे १९३ किलोमीटर आहे. जागतिक व्यापारापैकी सुमारे १२ टक्के व्यापार आणि कंटेनर वाहतुकीपैकी जवळजवळ ३० टक्के वाहतूक या मार्गाने होत असे. इ.स. २०२० मध्ये १८ हजारांहून अधिक जहाजे, म्हणजे दिवसाला सरासरी पन्नासच्या आसपास, कालव्यातून गेली. जहाजे येथून ताफ्याने, एकामागोमाग एक जातात. इ.स. २०१५ मध्ये मधल्या भागात समांतर जलमार्ग खोदला गेला. मात्र ग्रेट बिटर सरोवराच्या दक्षिणेकडील पट्टा एकेरीच राहिला, आणि 'एव्हर गिव्हन' रुतले ते याच पट्ट्यात.

कंटेनरवाहू जहाजांचा आकार या आधीच्या पंचवीस वर्षांत झपाट्याने वाढला होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास सर्वांत मोठी जहाजे सहा ते सात हजार टीईयू (वीस फुटी कंटेनरांच्या हिशेबात मोजलेली क्षमता) वाहून नेत असत. 'एव्हर गिव्हन'ची क्षमता २०,१२४ टीईयू होती. जहाज जितके मोठे तितका प्रत्येक कंटेनरमागील इंधनखर्च कमी, हे या वाढीमागील साधे गणित. त्याची दुसरी बाजू अशी की हा आकार पेलू शकणारी बंदरे, टग नौका आणि क्रेन जगात मोजक्याच ठिकाणी आहेत. जहाज अडकल्यावर नेमकी हीच अडचण पुढे आली.

दुसरे कारण साठवणुकीच्या पद्धतीशी निगडित आहे. कारखान्यात सुटे भाग नेमके लागतील तेव्हाच पोहोचावेत, गोदामात माल पडून राहू नये, ही जपानी मोटार उद्योगाने रूढ केलेली पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर पसरली. तिच्यामुळे खर्च कमी झाला, पण उशीर सोसण्याची क्षमताही घटली. त्यातच कोविड-१९ साथीमुळे रिकामे कंटेनर चुकीच्या बंदरांत साचले होते आणि मालवाहतुकीचे दर आधीच चढलेले होते.

जहाज

'एव्हर गिव्हन' हे जपानमधील इमाबारी जहाजबांधणी कंपनीने बांधले व इ.स. २०१८ मध्ये ते सेवेत आले. त्याची रुंदी सुमारे ५९ मीटर आहे. मालकी शोएई किसेन या जपानी कंपनीची, भाडेकरार तैवानच्या एव्हरग्रीन मरीन कंपनीकडे, तांत्रिक व्यवस्थापन बर्नहार्ड शुल्टे या जर्मन समूहाकडे, नोंदणी पनामात, विमा ब्रिटनमधील यूके क्लब या संस्थेचा आणि खलाशी भारतीय, अशी त्याची विभागणी होती. आंतरराष्ट्रीय नौवहनात अशी रचना नेहमीचीच आहे. दुर्घटनेनंतर जबाबदारी कोणाची हे ठरवताना मात्र सर्वसामान्य वाचक गोंधळून जातो, आणि अनेक बातम्यांनीही भाडेकरूलाच मालक समजण्याची चूक केली.

घटनाक्रम

२३ मार्च रोजी सकाळी जहाज मलेशियातील तांजुंग पेलेपास बंदराहून नेदरलँड्समधील रॉटरडॅमकडे जात होते. त्यावर सुमारे १८,३०० कंटेनर होते. कालव्याच्या नियमांप्रमाणे दोन इजिप्शियन पायलट जहाजावर चढले होते. त्या वेळी धुळीचे वादळ सुरू होते आणि वाऱ्याचा वेग सुमारे ४० नॉटपर्यंत पोहोचला होता. स्थानिक वेळेनुसार सकाळी ७ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास जहाज वळले, त्याचे पुढचे टोक (नाळ) पूर्वेकडील काठात घुसले आणि मागचा भाग पश्चिम काठाजवळ टेकला.

कारणांबाबत एकमत नाही. थरांवर थर रचलेल्या कंटेनरांची भिंत शिडासारखी वारा धरते, हे एक कारण सांगितले गेले. दुसरे कारण 'काठाचा परिणाम' या नावाने ओळखले जाते. अरुंद जलमार्गात मोठे जहाज वेगाने जाऊ लागले की काठ व जहाज यांच्यामधील पाण्याचा दाब घटतो आणि जहाजाचा मागचा भाग काठाकडे ओढला जातो. रुतण्यापूर्वी जहाजाचा वेग सुमारे १३ नॉट, म्हणजे कालव्यातील मर्यादेपेक्षा बराच जास्त होता, असे उपग्रहीय नोंदींवरून दिसते. वाऱ्यात सुकाणूचा ताबा टिकवण्यासाठी वेग वाढवावा लागतो आणि वेग वाढला की काठाचा परिणामही वाढतो. त्यामुळे वेगाचा आकडा एवढाच चुकीचा पुरावा मानणे कठीण आहे.

सुएझ कालवा प्राधिकरणाने जबाबदारी कप्तानावर टाकली. कालव्याच्या नियमांनुसार पायलट फक्त सल्ला देतो व अंतिम जबाबदारी जहाजाची असते. मालकांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की इतक्या खराब हवामानात जहाजाला कालव्यात प्रवेश देण्याचा निर्णय प्राधिकरणाचाच होता. प्राधिकरणाने त्यावर त्याच दिवशी इतर अनेक जहाजे सुखरूप गेल्याकडे बोट दाखवले.

याच काळात समाजमाध्यमांवर एक खोटी बातमी पसरली. इजिप्तच्या पहिल्या महिला कप्तान मारवा एलसेलेहदार यांच्यामुळे हा अपघात झाल्याचा दावा बनावट मथळ्यासह फिरवला गेला. प्रत्यक्षात त्या वेळी त्या शेकडो किलोमीटर दूर अलेक्झांड्रिया येथे दुसऱ्या जहाजावर काम करत होत्या.

सुटका

सुटकेचे काम प्राधिकरणाने सुरू केले आणि पुढे नेदरलँड्सची स्मिट साल्व्हेज व जपानची निप्पॉन साल्व्हेज या कंपन्या त्यात सहभागी झाल्या. अवाढव्य जहाजाच्या नाळेखाली माती उकरणाऱ्या एकट्या लहानशा एक्स्कॅव्हेटरचे छायाचित्र जगभर थट्टेचा विषय झाले. पण काठावरील खडक व घट्ट माती मोकळी करण्यासाठी ते काम आवश्यकच होते. 'मशहूर' या गाळ उपसणाऱ्या नौकेच्या साहाय्याने सुमारे ३०,००० घनमीटर वाळू व माती काढण्यात आली आणि डझनभर टग नौका जहाज ओढू लागल्या.

कंटेनर उतरवून जहाज हलके करण्याचा पर्याय शेवटचा म्हणून राखून ठेवला होता. तेवढ्या उंचीपर्यंत पोहोचणारी तरती क्रेन जवळपास नव्हती आणि ती आणली तरी हजारो पेट्या उतरवण्यास आठवडे लागले असते. हा प्रश्न अखेर भरतीने सोडवला. २८ मार्चच्या पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या जवळ असल्याने उधाणाची भरती नेहमीपेक्षा मोठी होती. 'एएलपी गार्ड' व 'कार्लो मॅग्नो' या दोन मोठ्या सागरी टग नौकाही तोवर पोहोचल्या होत्या. २९ मार्चच्या पहाटे जहाजाचा मागचा भाग सुटला आणि दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी ते पूर्णपणे तरंगू लागले. या कामादरम्यान एक नौका बुडून एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्याचे प्राधिकरणाने मे महिन्यात जाहीर केले. सुटकेच्या आनंदाच्या बातम्यांत ही बाब फारशी नोंदली गेली नाही.

परिणाम

कोंडीच्या अखेरीस चारशेहून अधिक जहाजे दोन्ही टोकांना व सरोवरात खोळंबली होती. ही रांग ३ एप्रिलपर्यंत संपली. थांबलेल्या जहाजांत कच्चे तेल व नैसर्गिक वायू नेणारी जहाजे होती, तशीच जिवंत जनावरे नेणारीही होती आणि त्यांच्यावरील चारा संपण्याची भीती निर्माण झाली. युद्धाने होरपळलेल्या सीरियात इंधनाचे वाटप मर्यादित करावे लागले. काही कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे वळवली. या मार्गाने सुमारे ३,५०० सागरी मैल आणि साधारण आठवडा ते दहा दिवस अधिक लागतात.

लॉइड्स लिस्ट या नियतकालिकाच्या अंदाजानुसार दररोज सुमारे ९.६ अब्ज डॉलर किमतीच्या मालाची वाहतूक खोळंबली होती. हा आकडा अनेकदा 'नुकसान' म्हणून उद्धृत केला जातो, ते बरोबर नाही. तो उशीर झालेल्या मालाच्या किमतीचा आकडा आहे आणि त्यातील बहुतेक माल पुढे पोहोचला. खरा खर्च विखुरलेला होता. रॉटरडॅम व अँटवर्पसारख्या बंदरांत उशिरा आलेली जहाजे एकाच वेळी दाखल झाली, रिकामे कंटेनर आशियात वेळेवर परतले नाहीत आणि आधीच विस्कटलेली वेळापत्रके आणखी घसरली.

भारतावरील परिणाम

भारताचा युरोप, उत्तर आफ्रिका आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी होणारा बराचसा व्यापार सुएझमार्गे होतो. खनिज तेलाची उत्पादने, रसायने, पोलाद, वाहने, कापड, गालिचे व चामड्याच्या वस्तू यांचा त्यात समावेश आहे. केंद्रीय वाणिज्य विभागाने २६ मार्च रोजी चार कलमी योजना आखली. नाशवंत मालाला प्राधान्य, ठरलेल्या वाहतूक दरांचे पालन, बंदरांना पूर्वसूचना आणि पर्यायी मार्गाचा विचार ही ती चार कलमे होत. कालवा खुला होताच जहाजे एकदम येतील हे ओळखून नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदर (न्हावाशेवा) तसेच गुजरातमधील मुंद्रा व हजीरा या बंदरांना सज्ज राहण्यास सांगण्यात आले.

जप्ती आणि भरपाईचा वाद

सुटल्यावर जहाज ग्रेट बिटर सरोवरात तपासणीसाठी नेण्यात आले. प्राधिकरणाने सुमारे ९१ कोटी ६० लाख डॉलरची मागणी केली आणि एप्रिलच्या मध्यास इस्माइलिया येथील न्यायालयाच्या आदेशाने जहाज जप्त झाले. विमा संस्थेने सांगितल्यानुसार या रकमेत सुटकेचा बोनस म्हणून ३० कोटी आणि 'प्रतिष्ठेच्या हानी'साठी आणखी ३० कोटी डॉलर धरलेले होते. कालव्याचे बुडालेले उत्पन्न दिवसाला सुमारे दीड कोटी डॉलर असल्याचे प्राधिकरणच सांगत होते. त्या मानाने मागणी फार मोठी होती. पुढे ती ५५ कोटींवर आणली गेली. अखेर न जाहीर केलेल्या रकमेवर तडजोड होऊन ७ जुलै रोजी जहाज सोडण्यात आले आणि २९ जुलै रोजी ते रॉटरडॅमला पोहोचले.

मालकांनी १ एप्रिल रोजी 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केले होते. हे सागरी कायद्यातील अतिशय प्राचीन तत्त्व आहे. जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकावा लागला तर त्या एकाच व्यापाऱ्याने नुकसान सोसू नये, ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी ते वाटून घ्यावे, असा त्याचा मूळ अर्थ आहे. आज त्यात सुटकेच्या खर्चाचाही समावेश होतो. परिणामी ज्यांचा अपघाताशी काहीही संबंध नव्हता, अशा हजारो मालधारकांनाही हमी देणे भाग पडले. विमा असलेल्या मोठ्या कंपन्यांचे काम विमा कंपनीने केले. एक-दोन कंटेनर मागवणाऱ्या आणि विमा न काढलेल्या लहान व्यापाऱ्यांना मात्र माल ताब्यात मिळण्यापूर्वी रोख अनामत भरावी लागते. शिवाय त्यांचा हंगामी माल तीन महिने सरोवरातच पडून होता.

खलाशी

जहाजावरील पंचवीसही जण भारतीय होते. जप्तीनंतर त्यांच्यावर गुन्हेगारी कारवाई होईल, अशी भीती व्यक्त झाली, पण तसे झाले नाही. मुंबईस्थित नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया ही संघटना त्यांच्या संपर्कात होती. काही जणांना टप्प्याटप्प्याने मायदेशी परतण्याची परवानगी मिळाली. जहाज सुरक्षित ठेवण्यासाठी किमान माणसे लागतात, म्हणून उरलेल्यांना थांबावे लागले.

ही भीती निराधार नव्हती. 'अमान' या दुसऱ्या एका जप्त जहाजावरील सीरियन अधिकाऱ्याला इजिप्तच्या न्यायालयाने जहाजाचा 'कायदेशीर रक्षक' ठरवले होते. त्यामुळे त्याला सुएझजवळ जवळपास चार वर्षे, त्यातील बराच काळ एकट्याने, काढावी लागली. त्याची सुटका झाली ती एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे 'एव्हर गिव्हन' जप्त झाले त्याच महिन्यात. साथीच्या काळात बंदरांनी कर्मचारी बदलण्यास मनाई केल्याने २०२० च्या अखेरीस सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकले होते, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता.

नंतरच्या घडामोडी

प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये कालव्याच्या दक्षिण भागाच्या रुंदीकरणाची योजना जाहीर केली. त्यानुसार सुमारे ३० किलोमीटरचा पट्टा पूर्वेकडे ४० मीटरने रुंद व ६६ ऐवजी ७२ फूट खोल करायचा होता आणि दुहेरी मार्ग १० किलोमीटरने वाढवायचा होता.

कालव्याच्या भूगोलापेक्षा मोठा धोका पुढे वेगळ्याच दिशेने आला. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हुथी गटाने तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठ्या कंटेनर कंपन्यांनी पुन्हा केपचा मार्ग धरला. या वेळी कालवा स्वतः खुला होता, पण तिथवर पोहोचण्याची वाट असुरक्षित झाली होती. प्राधिकरणाने जाहीर केल्याप्रमाणे कालव्याचे उत्पन्न २०२३ मधील सुमारे १०.२५ अब्ज डॉलरवरून २०२४ मध्ये ४ अब्ज डॉलरच्या आसपास आले आणि जहाजांची संख्या जवळपास निम्म्यावर घसरली.