आठ घडे पाणी : श्रावकाच्या घरातील काटकसरीचा मागोवा

'पर्यावरण' हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला त्याला फार काळ लोटलेला नाही. १९७२ साली स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद भरली, पुढे ५ जून हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला आणि शाळांच्या भिंतींवर घोषवाक्ये झळकू लागली. पाणी जपून वापरा, कापडी पिशवी न्या, अन्न टाकू नका, गरज नसता दिवा चालू ठेवू नका, असा उपदेश आज लहान मूलही वडीलधाऱ्यांना करते. त्यावर घरातील ज्येष्ठ श्राविका हसून विचारतात, "यात नवीन ते काय?" प्रश्न सयुक्तिक आहे. परंतु 'हे सारे आमच्याकडे पूर्वापार होतेच' एवढे म्हणून समाधान मानणे हाही एक प्रकारचा प्रमादच होय. काय होते, कशासाठी होते आणि त्यातील किती उरले, हे सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तपासून पाहण्यासारखे आहे.

श्वेतांबर आगमांतील सातवे अंग म्हणजे 'उपासकदशांग'. भगवान महावीरांच्या दहा गृहस्थ उपासकांची चरित्रे त्यात आली आहेत. त्यांतील पहिला आनंद गाथापती, वैशालीजवळच्या वाणिज्यग्रामचा रहिवासी. त्याच्या संपत्तीचा तपशील वाचला म्हणजे मन थक्क होते. चार कोटी सुवर्ण निधीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात गुंतलेले. प्रत्येकी दहा हजार गायींचे चार व्रज. पाचशे नांगरांची शेती. शिवाय शेकडो गाडे आणि नौका. असा हा धनाढ्य पुरुष व्रत घेताना काय म्हणतो? अंग पुसण्यासाठी अमुक एकच वस्त्र, दातांसाठी ज्येष्ठमधाची ओली काडी, फळांत केवळ आवळा, स्नानासाठी आठ घडे पाणी आणि पिण्यासाठी केवळ आकाशातून पडलेले पाणी. याहून अधिक मी वापरणार नाही.

ही यादी रूक्ष वाटते. अनेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. माझ्या मते त्या चरित्राचा गाभा तेथेच आहे. आठ घडे म्हणजे काही थोडे पाणी नव्हे. आनंदाने स्नान सोडले नाही, की तो अर्धपोटी राहिला नाही. त्याने फक्त मोजले. ज्याच्या दारी कशाचीच वाण नाही, त्याने आपल्या स्नानाचे घडे मोजावेत, ही त्या काळी मोठीच गोष्ट असली पाहिजे. टंचाईत काटकसर कोणीही करतो. विहीर भरलेली असताना जो घडा मोजतो, त्याच्या मोजण्याला व्रत म्हणतात.

श्रावकाच्या बारा व्रतांत 'अनर्थदंडविरमण' म्हणून एक गुणव्रत आहे. अर्थ म्हणजे प्रयोजन. प्रयोजनावाचून घडणारी हिंसा ती अनर्थदंड. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त तिचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील 'प्रमादचर्या' हा प्रकार आजच्या वाचकाने मुद्दाम पाहावा असा आहे. विनाकारण जमीन खणणे, विनाकारण पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वारा घालणे, झाडपाला तोडणे, इतकेच नव्हे तर उगाच भटकणे व इतरांना भटकायला लावणे, हे सर्व त्यात येते. नळ उघडा ठेवून दात घासणे, रिकाम्या खोलीत पंखा फिरत ठेवणे, जवळच्या दुकानात जाण्यासाठी गाडी बाहेर काढणे यांना दीड हजार वर्षांपूर्वीच नाव मिळालेले होते म्हणायचे! आपल्याकडे अनेक घरांत रोज सकाळी 'चौदा नियम' धारण्याची चाल होती व काही घरांत अजूनही आहे. आज किती पदार्थ खाईन, किती वस्त्रे नेसेन, कोणती पादत्राणे, किती वाहने, किती वेळा स्नान, कोणत्या दिशेला किती अंतर जाईन, याचा आकडा मनाशी ठरवायचा आणि संध्याकाळी तो पडताळायचा. घरखर्चाची वही लिहिणाऱ्यांना ही पद्धत परकी वाटू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपले पूर्वज 'पर्यावरणवादी' होते असे अलीकडे भाषणांतून सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. नदी, जंगल किंवा हवा टिकावी म्हणून त्यांनी हे नियम केले नव्हते. 'आचारांग' सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती हे स्वतः सजीव आहेत असे सांगितले आहे. म्हणजे पाण्यात जीव आहेत एवढेच नव्हे, तर पाणी हेच जीवांचे शरीर आहे. पाणी गाळल्याने त्यातील हलतेचालते त्रस जीव वाचतात. पाणी कमी वापरल्याने अप्काय जीवांची हिंसा घटते. हेतू जीवदयेचा व आत्मशुद्धीचा होता. जलसंधारण त्यामागून आले. हा भेद विसरला की नियम लवकर सुटतो, कारण धरण भरले आहे असे कळताच काटकसरीचे कारण संपते. जीवदयेचे कारण तसे संपत नाही.

या सर्व सवयींत ज्याचा इतिहास सर्वांत बोलका आहे ते म्हणजे गाळणे. गाळलेले पाणी पिण्याचा नियम केवळ जैनांचाच नव्हे. मनुस्मृतीतही संन्याशासाठी तो आहे. मात्र तो गृहस्थाच्या रोजच्या स्वयंपाकघरात आणून त्याचे बारीक शास्त्र बनवले ते श्रावकाचाराने. तेराव्या शतकात माळव्यात धारजवळच्या नालछा येथे राहून ग्रंथरचना करणाऱ्या पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृता'त या व्रताचे दोष सांगितले आहेत. गाळल्यानंतर दोन मुहूर्तांहून अधिक काळ गेला तरी पुन्हा न गाळता तेच पाणी वापरणे, अयोग्य वस्त्राने गाळणे आणि गाळून उरलेले पाणी दुसऱ्याच जलाशयात टाकणे, हे ते दोष होत. मुहूर्त म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. एवढ्या काटेकोरपणाने पाण्याचा हिशेब ठेवणारे गृहस्थधर्म विरळाच.

तिसरा दोष विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. गाळण्यावर जे जीव राहतात त्यांना 'जिवाणी' म्हणतात. गाळणे उलटे करून गाळलेल्या पाण्याच्या धारेने ती जिवाणी एका भांड्यात उतरवायची आणि ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. वरून ओतली तर जीव आपटून मरतील, म्हणून तळाशी कडी असलेले भांडे दोरीने पाण्यापर्यंत उतरवून तेथे अलगद कलते करायचे. एका विहिरीचा जीव दुसऱ्या विहिरीत टाकायचा नाही, कारण तेथील पाणी त्याला मानवेल असे नाही. ज्या मातीतला जीव त्याच मातीत राहू द्यावा, हे तत्त्व आजचे जीवशास्त्रज्ञही सांगतात. आपल्याकडे ते घागर भरणाऱ्या बाईच्या हाताला ठाऊक होते. पहाटे घागरीच्या तोंडावर दुहेरी जाड सुती फडके बांधून, पाणी हळूहळू ओतून, शेवटी पुन्हा विहिरीपर्यंत जायचे म्हणजे केवढे कष्ट! हे कष्ट बहुतेक सर्व स्त्रियांनी केले आणि ग्रंथ बहुतेक सर्व पुरुषांनी लिहिले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

गाळण्याचा उपयोग जीवांपुरताच नव्हता, हे पुढे वैद्यकाने दाखवले. महाराष्ट्र, राजस्थान, गुजरात, कर्नाटक आदी प्रांतांत पूर्वी 'नारू' नावाचा रोग होता. पाण्यातील अतिसूक्ष्म पिसवांच्या पोटात नारूच्या अळ्या असतात. ते पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षाने हातभर लांबीचा जंत बहुधा पायातून बाहेर पडू लागतो. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की पाण्यात पुन्हा अळ्या. या रोगावर ना लस निघाली, ना खात्रीचे औषध. १९८० च्या दशकात सरकारने नारू निर्मूलनाची मोहीम हाती घेतली, तेव्हा पायविहिरी बदलणे, हातपंप बसवणे यांबरोबरच पाणी फडक्यातून गाळून पिण्याचा प्रचार हे प्रमुख साधन ठरले. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

असाच एक प्रयोग बांगलादेशातील मतलब भागात झाला. रीटा कॉलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ खेड्यांत, सुमारे १ लाख ३३ हजार लोकसंख्येत, जुन्या सुती साडीची किमान चारपदरी घडी करून पाणी गाळण्याचा परिणाम पाहिला. पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून असतात, ते फडक्यावर अडकतात. नव्या साडीपेक्षा वापरून विरलेली साडी अधिक उपयोगी, कारण धुऊन धुऊन तिचे तंतू फुलतात व छिद्रे बारीक होतात. जुनेराची गाळणी करणाऱ्या आपल्या आजींना हे कारण माहीत नव्हते. फडके मात्र बरोबर निवडलेले होते.

तरीही गाळण्याला सर्वगुणसंपन्न ठरवू नये. कावीळ पसरवणारे विषाणू कोणत्याही फडक्यातून सहज निसटतात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली व माणसे दगावली. तेथे गाळणे पुरेसे नव्हते. सांडपाणी नदीत जाऊ न देणे हाच खरा उपाय, आणि घरापुरता उपाय पाणी उकळून पिणे. तपस्वी मंडळी उकळलेले पाणीच घेतात व त्याची कालमर्यादाही ऋतूनुसार पाळतात: उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार, पावसाळ्यात तीन.

नळ आला आणि जिवाणीची साखळी तुटली. मुंबईला १८६० पासून विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले, इतर शहरे मागून आली. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या डासांमुळे मुंबईतील विहिरी बुजवण्याचा वा झाकण्याचा निर्णय झाला, तेव्हा अनेक समाजांनी धार्मिक कारणांनी विरोध केला. पण नळाची सोय एवढी मोठी होती की तो विरोध टिकला नाही. आपल्या घरांतून नळाच्या तोंडाला कापडी पिशवी बांधण्याची युक्ती निघाली. पाणी गाळले जाऊ लागले खरे, परंतु जिवाणी कोठे सोडावी? तलाव शंभर किलोमीटर दूर. ती मोरीतून वाहून जाऊ लागली आणि हळूहळू तो शब्दही मुलांच्या कानावरून गेला.

आज अनेक घरांत गाळण्याच्या जागी 'आरओ' यंत्र आहे. पाणी खारे किंवा क्षारयुक्त असेल तेथे ते गरजेचेच. पण एक लिटर पाणी शुद्ध करताना घरगुती यंत्र साधारण दोन ते तीन लिटर पाणी नळीवाटे बाहेर टाकते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली, ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे अशा यंत्रांना मनाई करावी, असे निर्देश दिले. मुंबईच्या तलावांचे पाणी मुळातच गोड, तरीही घरोघरी यंत्रे लागली आहेत. ओंजळभर पाणी परत सोडण्यासाठी विहिरीपर्यंत जाणाऱ्यांच्या नातवंडांच्या घरात रोज बादलीभर पाणी गटारात जावे, हे व्रतभंगाहून वेगळे काय? निदान ते पाणी बादलीत धरून फरशी पुसण्यास, भांडी विसळण्यास वापरावे. पाण्यातील क्षार किती, हे आधी तपासून घेतले तर काही घरांना यंत्राची गरजच उरणार नाही.

जेवणाविषयी फार लिहीत नाही, कारण ताट धुऊन पिण्याची रीत आपल्या बहुतेक घरांत अद्याप टिकून आहे. उष्ट्यात अठ्ठेचाळीस मिनिटांत जीवोत्पत्ती होते या श्रद्धेतून ती आली. पंगतीत मात्र चित्र उलटे. स्वामीवात्सल्यात ताट स्वच्छ, आणि मांडवाच्या कोपऱ्यात अर्धवट प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग! २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्या बंद झाल्या, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. बाटली मात्र सुटली. तांब्या-पेल्याने पाणी वाढण्यास चार माणसे अधिक लागतात, एवढीच अडचण आहे.

आनंद श्रावकाने पिण्यासाठी पावसाचेच पाणी का निवडले असावे, याचा उलगडा अहमदाबादच्या पोळांत होतो. तेथील जुन्या घरांच्या चौकाखाली चुन्याने लिंपलेली 'टांकी' आहेत. अनेक जैन घरांतही ती आढळतात. पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघेपर्यंत पाणी बाहेर सोडायचे, मग नळा टांक्याकडे वळवायचा. मघा नक्षत्राचे पाणी उत्तम मानतात. अंधार आणि चुना यांमुळे ते वर्षभर पिण्यास टिकते, विहिरीचा उपसा नाही आणि तोंडाशी गाळणे लावले की काम झाले. नळ आल्यावर बहुतेक टांकी विस्मृतीत गेली, काही आजही वापरात आहेत. मुंबईत २००२ पासून मोठ्या नव्या इमारतींना गच्चीवरील पावसाचे पाणी साठवण्याची वा मुरवण्याची सक्ती झाली. जुन्या इमारतींना, देरासरांना व धर्मशाळांना ती नाही; तेथे विश्वस्तांनीच ठरवायचे असते. पत्र्याचा पन्हाळ, एक नळ, जाळी आणि टाकी एवढेच साहित्य त्यासाठी लागते, आणि हे काम चातुर्मास लागण्यापूर्वी उरकावे लागते.