धूर, अग्नी आणि आरएनएची घडी

रेडीच्या खाणी पाहिलेल्यांना लोखंड-चुंबकाचं नातं सांगायला नको. आपण अनुमानाकडे वळू.

१९५१ साली स्टॅनफर्डला धर्मट्टींनी सहकाऱ्यांसह अल्कोहोलमधल्या हायड्रोजनचे तीन वेगळे चुंबकीय संकेत दाखवले. पुढे ते मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९७१ साली कर्न्स, शुल्मन आणि मुंबई विद्यापीठाचे पदवीधर दिनशॉ पटेल यांनी तीच पद्धत वाहक आरएनएवर वापरली, तीही पाण्यात.

मेख इथंच आहे. मोकळा हायड्रोजन पाण्याशी सतत अदलाबदल करतो, म्हणून त्याचा संकेत हरवतो. रेणूच्या घडीत, जोडीत अडकलेला मात्र टिकतो आणि वेगळा उमटतो. घडी कुणी पाहिली नाही, जोड्या मोजल्या! याला प्रत्यक्ष म्हणायचं का? आम्ही तरी अनुमानच म्हणतो. आणि मोजणीवरूनही पुढं वाद झालाच: धूर दिसला खरा, पण आग किती ठिकाणी?