पहिले पॅड, पहिले ग्लोव्हज: माप कसं बघायचं?
टेनिस बॉल सोडून मूल सीझन बॉलवर खेळू लागलं की पॅड आणि ग्लोव्हज लागतातच. मोठ्यांच्या सामन्यातला हा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. बोटावर बसला तर हाड मोडू शकतं. अनेक पालक गणवेशासारखं हे सामानही ‘वाढत्या अंगाचं’ घेतात. तिथेच फसगत होते. पॅड बांधल्यावर गुडघा त्याच्या गुडघ्यावरच्या गादीत बरोबर मध्यभागी यायला हवा. पॅड मोठा असेल तर धावताना पाय अडखळतो. ग्लोव्हज घालून बॅट धरून पाहावी: बोटांची टोकं दाबली जाऊ नयेत, पण पुढे फार जागाही उरू नये, नाहीतर पकड सैल पडते. डावखुऱ्या फलंदाजाचे ग्लोव्हज वेगळे मिळतात. म्हणून वय सांगून माप मागू नये. मुलालाच दुकानात न्यावं.