उसनी उंची

आमच्या शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लागायची. माझा एक वर्गमित्र पहिलीपासून दहावीपर्यंत त्या रांगेत पहिलाच उभा राहिला. दर ईदला आमचे पायजमे आखूड झालेले असत. त्याला मात्र मागच्या ईदचाच नीट बसे. मुले चिडवत, मोठी माणसे ‘वाढेल की’ म्हणत. त्याला नेमके काय झाले होते, हे कोणी तपासलेच नाही. मी कलाशाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. पण त्याच्यामुळे मी उंचीचा हा इतिहास शोधत गेलो.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारे वाढीचे संप्रेरक कमी पडले, तर मूल बुद्धीने तल्लख असूनही बुटके राहते. इन्शुलिन गाई-डुकरांचे चालत असे. हे संप्रेरक मात्र त्यांचे माणसाला लागू पडत नाही. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातील चो हाओ ली यांनी ते मानवी ग्रंथीतून वेगळे केले. १९५८ मध्ये बोस्टनचे मॉरिस रॅबेन यांनी त्याने एका सतरा वर्षांच्या मुलाची वाढ झाल्याचे जाहीर केले.

पण ग्रंथी आणायच्या कुठून? शवविच्छेदनाच्या टेबलावरून. अमेरिकेत १९६३ साली त्यासाठी राष्ट्रीय संस्था निघाली. एका मुलाच्या वर्षभराच्या इंजेक्शनांसाठी कितीतरी मृतांच्या ग्रंथी लागत. म्हणून ठरावीक उंची गाठली, की औषध बंद. मागे दुसरे मूल रांगेत उभे असे. अमेरिकेत सुमारे ७,७०० आणि ब्रिटनमध्ये सुमारे १,८०० जणांना हे औषध मिळाले. मेलेल्यांनी जिवंतांना दिलेले ते बोट-बोट उंचीचे दान होते.

१९८५ मध्ये या दानातले विष उघड झाले. लहानपणी हे औषध घेतलेले काही तरुण क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने दगावले होते. काही मृतांच्या ग्रंथींतून तो रोग औषधात आला होता. नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला तो दाद देत नाही आणि वर्षानुवर्षे गप्प राहतो. एप्रिलमध्ये अमेरिकेने वाटप थांबवले. फ्रान्समध्ये पुढे शंभराहून अधिक जणांचा बळी गेला. मुलाचे भले व्हावे म्हणून ज्या आयांनी सुया टोचून घेतल्या, त्यांनी उरलेले आयुष्य कसे काढले असेल?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिवाणूंकडून तयार करवून घेतलेल्या संप्रेरकाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आता मृतांवाचून अडत नाही. औषध महाग आहे. पण निदान लवकर झाले, तर अशी बरीच मुले आई-वडिलांच्या उंचीच्या जवळपास पोचतात. फुटबॉलपटू लिओनेल मेस्सीनेही लहानपणी हेच उपचार घेतले. मात्र वयात आल्यावर हाडांच्या टोकांच्या वाढीच्या कूर्चा मिटल्या, की इलाज उरत नाही. चार वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. दाराच्या चौकटीवरची पेन्सिलीची रेघ वर सरकत नसेल, तर ‘वाढेल की’ म्हणू नये, डॉक्टरांना विचारावे.

आमची दहावी झाली तीही १९८५ सालीच. त्याआधी ते औषध मित्राला मिळाले असते, तर कदाचित विषही मिळाले असते. परवा त्याला हे सगळे सांगितले. तो शांतपणे म्हणाला, ‘उंचीचे जाऊ दे रे. कोणी एकदा मोजून तरी पाहायचे होते.’