शवाची साक्ष

मृत देहाला शस्त्र लावणें ही कल्पनाच मनाला असह्य वाटते. घरचें माणूस गेलें असतां त्याच्या कलेवराची चिरफाड व्हावी, हें कोणाहि आप्ताला रुचणार नाहीं. तथापि या अप्रिय कर्माचा इतिहास पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, त्यांतील थोर पुरुषांना शरीर कापण्यापेक्षां त्याची साक्ष न बिघडवितां घेण्याचीच चिंता अधिक होती.

पादुआ विद्यापीठांतील प्राध्यापक मोर्गान्यी यानें 1761 सालीं, ऐंशीच्या उंबरठ्यावर असतां, आपला प्रख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें 700 रोग्यांच्या हकीकती आहेत. हयातींतील लक्षणें एका बाजूस व मरणोत्तर इंद्रियांत आढळलेल्या विकृति दुसऱ्या बाजूस ठेवून त्यानें दोहोंचा मेळ घातला. शरीरांतील रस बिघडले म्हणजे रोग होतो, या जुन्या समजुतीला त्यामुळें मोठा धक्का बसला. रोगाला शरीरांत ठावठिकाणा असतो, हें दिसून आलें.

परंतु तो ठिकाणा शोधावयाचा कसा? इंद्रियें नळ्यांनीं, शिरांनीं व पडद्यांनीं एकमेकांशीं जोडलेलीं असतात. एकदां सुरी फिरली कीं तो संबंध पुन्हा जुळवितां येत नाहीं. साक्षीदार एकच, आणि त्याची जबानीहि एकदांच व्हावयाची! म्हणून पद्धतीला महत्त्व आलें. व्हिएन्नाचा रोकिटान्स्की इंद्रियें बरीचशीं जागच्या जागींच उघडून पाही. बर्लिनचा फिर्खो एकेक इंद्रिय ठराविक क्रमानें बाहेर काढून निरनिराळें तपाशी. ही पद्धति त्यानें 1876 सालीं पुस्तकरूपानें मांडली. तींत प्रत्येक इंद्रियाची परीक्षा बारकाईनें होते, पण परस्परसंबंध तुटतात. पायाच्या शिरेंत गोठलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनींत अडकते, हें फिर्खोनेंच दाखवून दिलें; परंतु हृदय व फुप्फुसें निष्काळजीपणें अलग केलीं तर नेमकी तीच गुठळी निसटून जाते. म्हणून ती धमनी आधीं जागींच उघडून पाहावी लागते. पुढें पॅरिसच्या लतूलनें मान, छाती व पोट यांतील सर्व इंद्रियें एकसंध काढून मागाहून सोडविण्याचा मार्ग घेतला, तर प्रागच्या गोननें संबंधित इंद्रियांचे गट काढण्याचा मध्यम मार्ग पत्करला.

ही सर्व दक्षता कशासाठीं, याचें उत्तर व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयांतच मिळतें. तेथें दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. 1846 सालीं दुसऱ्यांत शेंकडा 2.8 बाळंतिणी दगावल्या, पहिल्यांत मात्र 11.4. कारण कोणालाहि उमजेना. मार्च 1847 मध्यें न्यायवैद्यकाचा प्राध्यापक कोलेच्का वारला; शवविच्छेदनाच्या वेळीं एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्याच शवाच्या तपासणीचें टिपण सेमेलवाइसनें वाचलें, आणि तो चमकला. मृत बाळंतिणींच्या शरीरांत त्यानें स्वतः पाहिलेल्या विकृति त्या टिपणांत जशाच्या तशा होत्या! शवगृहांतले घातक कण विद्यार्थ्यांच्या, आणि त्याच्या स्वतःच्याहि, हातांनीं त्या मातांपर्यंत पोंचत होते. मे महिन्यापासून त्यानें क्लोरिनयुक्त पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली. 1848 सालीं पहिल्या विभागांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा 1.27 वर आलें.

शवगृहांतून मरण बाहेर पडलें हें खरें; पण तें कोठून आलें, हेंहि शवगृहानेंच सांगितलें. कोलेच्काचें शव कोणी न तपासतां, वा वरवर तपासून, मूठमाती दिली असती, तर सेमेलवाइसला ती जुळणी सांपडली नसती, आणि किती घरांतल्या पाळण्यांजवळ आई उरली नसती. आप्तांचें दुःख खरेंच आहे, व त्यांचा संकोचहि समजण्यासारखा आहे. तपासणी झाल्यावर देह नीट शिवून सन्मानानें त्यांच्या स्वाधीन करणें, हें वैद्याचें कर्तव्यच होय. परंतु त्याहिपूर्वीचें त्याचें एक कर्तव्य आहे: जो पुन्हा बोलणार नाहीं, त्याचें बोलणें पुरतें ऐकून घेणें.