टाकून दिलेल्या छटा

शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो मी खिडकीसमोर काढला. मुलींचे चेहरे काळवंडले. संगणकावर उजेड वाढवला, तर चेहऱ्यांवर चौकोनी डाग उमटले. फाइल जेपेग होती.

या जेपेगच्या मुळाशी बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचे गणित आहे. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेत या कल्पनेसाठी अनुदान मागितले. नॅशनल सायन्स फाउंडेशनने ते नाकारले. तरी नटराजन आणि राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९९२ चे जेपेग मानक त्याच पायावर उभे राहिले.

जेपेग प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पातळ्या ठेवते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील टाकून देते. म्हणूनच फाइल लहान होते आणि फोटो क्षणात दूरवर पोहोचतो. १४ बिटची रॉ फाइल मात्र १६,३८४ पातळ्या नोंदवते. ती जणू निगेटिव्ह. सावलीतला चेहरा तिच्यातून बराच उजळून घेता येतो.

अहमद साहेबांचे ऋण मोठेच आहे. पण पाठवायला जेपेग, जपायला रॉ. एकदा टाकून दिलेले नंतर कितीही उजेड पाडून परत येत नाही. इतिहासाचेही तसेच आहे.