रेगेच्या यादीत नसलेला मुहम्मद युसूफ अली

रेगे ऐकणाऱ्या चार माणसांना ‘तुमचा सर्वांत आवडता अल्बम कोणता?’ असं विचारलं, तर उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. एक जण बॉब मार्लीचा ‘एक्झोडस’ म्हणेल. दुसरा जिमी क्लिफच्या ‘द हार्डर दे कम’ या 1972 च्या सिनेमातल्या गाण्यांची तबकडी सांगेल. स्का-पंकवाला ‘द स्पेशल्स’, ‘मॅडनेस’ किंवा कॅलिफोर्नियाच्या ‘ऑपरेशन आयव्ही’चं नाव घेईल आणि डबस्टेपचा चाहता ‘बरियल’च्या ‘अनट्रू’वर अडून बसेल. मग वाद सुरू होतो आणि तो कधी मिटत नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाने 1999 च्या अखेरीस ‘एक्झोडस’ला विसाव्या शतकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं, तरीही मिटला नाही.

माझी तक्रार या नावांबद्दल नाही. ‘एक्झोडस’ थोर आहेच. डिसेंबर 1976 मध्ये किंग्स्टनच्या राहत्या घरी झालेल्या गोळीबारातून वाचलेल्या माणसाने लंडनमध्ये तो पूर्ण केला आणि हा संदर्भ माहीत असला की तो वेगळाच ऐकू येतो. तक्रार आहे ती ‘अल्बम’ या मापाबद्दल. जमैकाचं संगीत मुळात अल्बमचं नव्हतंच. ते सात इंची तबकडीचं होतं. एका बाजूला एक गाणं, उलट बाजूला दुसरं. ते घरी बसून ऐकण्यासाठीही नव्हतं. पन्नाशीच्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत मोकळ्या अंगणांत कपाटाएवढे स्पीकर रचले जायचे, तिकीट लावून लोक नाचायचे. या जत्थ्याला ‘साउंड सिस्टीम’ म्हणत. आपल्याकडे मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, त्यावरून अंदाज करा. फरक इतकाच, की तिथे चढाओढ आवाजाइतकीच गाण्याचीही असायची. दुसऱ्याकडे नसलेली तबकडी ज्याच्याकडे, त्याच्याकडे गर्दी. त्या हव्यासातून हे साउंडवाले स्वतःच गाणी ध्वनिमुद्रित करू लागले आणि 1960 च्या आसपास स्का जन्माला आला.

या चढाओढीत कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड ही दोन बडी नावं. तिसरा होता त्यांच्यापेक्षा वयाने लहान, तरुणपणी मुष्टियुद्ध खेळलेला, आधी कॉक्सनच्याच साउंडच्या रखवालीला असलेला एक पोरगा. 24 मे 1938 ला किंग्स्टनमध्ये जन्मलेला सेसिल बस्टामेंटे कॅम्बेल. मधलं नाव कामगार पुढारी अलेक्झांडर बस्टामेंटे यांच्यावरून ठेवलेलं. त्यावरून लोक त्याला ‘प्रिन्स बस्टर’ म्हणू लागले. त्याने स्वतःची साउंड सिस्टीम काढली आणि तिला नाव दिलं ‘व्हॉइस ऑफ द पीपल’, लोकांचा आवाज. एक-दोन-तीन-चार मोजताना मधल्या रिकाम्या जागी गिटारचा आखूड झटका मारायचा, ही स्काची ओळख. ती घडवणाऱ्यांत बस्टर आघाडीवर होता.

त्याने केलेली एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. ‘ओ कॅरोलिना’ हे फोक्स बंधूंचं गाणं मुद्रित करताना त्याने काउंट ऑसी आणि त्याच्या रस्ताफारी ढोलवादकांना डोंगरावरून स्टुडिओत आणलं. त्या काळी रस्ताफारी म्हणजे जमैकाच्या सभ्य समाजाने ओवाळून टाकलेली माणसं. पोलिसांचा ससेमिरा मागे, रेडिओवर जागा नाही. अशांचा ढोल नाचगाण्याच्या तबकडीवर आला. पुढे मार्लीच्या केसांच्या जटा जगभरच्या टी-शर्टांवर झळकल्या, पण हा दरवाजा त्याआधी दशकभर बस्टरने ढकलला होता.

आणि हा बस्टर मुसलमान झाला. 1964 च्या सुमारास त्याची मुहम्मद अलीशी भेट झाली. एक मुष्टियोद्धा दुसऱ्याला भेटला असंही म्हणता येईल. तो ‘नेशन ऑफ इस्लाम’मध्ये गेला आणि त्याने मुहम्मद युसूफ अली हे नाव घेतलं. पुढे त्याने आपल्या एका रेकॉर्ड लेबलचं नावच ‘इस्लाम’ ठेवलं. त्या लेबलवर त्याने लुई एक्स यांचं ‘अ व्हाइट मॅन्स हेवन इज अ ब्लॅक मॅन्स हेल’ हे गाणं आपल्या आवाजात काढलं. लुई एक्स म्हणजे पुढचे लुई फराखान. गंमत अशी, की हे फराखान स्वतः आधी कॅलिप्सो गायक होते आणि संघटनेत आल्यावर त्यांना गाणं बजावणं सोडावं लागलं होतं. म्हणजे संगीत जायज की नाजायज, हा आपल्याकडचा घराघरातला वाद तिकडेही होता. बस्टरने त्याचा निकाल आपल्या पद्धतीने लावला. नमाजही ठेवली आणि ड्रमही.

इथे थोडं थांबून एक गैरसमज दूर करायला हवा. जमैकात इस्लाम बस्टरने नेला नाही. गुलाम म्हणून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांत अरबी लिहिता-वाचता येणारे मुसलमान होते. टिंबक्टूचा अबू बक्र अस-सिद्दीक 1834 साली जमैकातच गुलामीतून सुटला. त्याने अरबीत लिहिलेली आत्मकथा आज उपलब्ध आहे. नंतर 1845 ते 1917 या काळात सुमारे 36 हजार भारतीय मजूर करारावर तिथे नेले गेले. त्यांत हिंदू जास्त, मुसलमान थोडे. त्या थोड्यांनी मोहरमचे ताजिये उसाच्या मळ्यांत उभे केले. ‘या हुसैन’चं तिथल्या तोंडी ‘होसे’ झालं आणि त्यात हिंदूही सामील होऊ लागले. आपल्या गावागावांतले मोहरम आठवा, म्हणजे यात नवल वाटणार नाही. बस्टरचा इस्लाम मात्र या दोन्ही वाटांनी आलेला नव्हता. तो अमेरिकेतल्या काळ्यांच्या बंडातून आला. एलायजा मुहम्मद यांच्या अनेक शिकवणी आपल्या अकीद्यात मुळीच बसत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पण ज्या माणसाला त्याच्या मालकाने दिलेलं आडनाव टाकून द्यायचं होतं, त्याला ‘मुहम्मद’ या नावात काय सापडलं असेल, हे समजायला फतव्याची गरज नाही.

जिमी क्लिफचंही तसंच. सत्तरच्या दशकात तोही इस्लामकडे आला, आफ्रिकेत फिरला, पुढे कोणत्याच एका धर्मात राहिला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये तो वारला, तेव्हाच्या मृत्युलेखांत या टप्प्याला फार तर एखादं वाक्य मिळालं. रेगे म्हणजे रस्ताफारी, हे समीकरण एवढं घट्ट झालं आहे की त्यात दुसऱ्या कुणाचा खुदा बसत नाही.

बस्टरचं खरं राज्य ब्रिटनमध्ये होतं. जमैकातून गेलेले कामगार आणि त्यांच्या शेजारी वाढणारी गोरी कामगार पोरं त्याच्या तबकड्या विकत घ्यायची. लंडनच्या ‘ब्लू बीट’ लेबलवर त्या इतक्या निघाल्या की तिथे स्का संगीतालाच ‘ब्लू बीट’ म्हणू लागले. 1967 मध्ये त्याचं ‘अल कपोन’ ब्रिटनच्या पहिल्या वीस गाण्यांत पोचलं. मग एक तप गेलं. 1979 मध्ये कॉव्हेंट्रीच्या ‘टू टोन’ लेबलवर काळ्या-गोऱ्या पोरांचे मिश्र बँड उभे राहिले. बाहेर नॅशनल फ्रंटचे वर्णद्वेषी मोर्चे निघत होते आणि हे स्टेजवर एकत्र उड्या मारत होते. ‘द स्पेशल्स’चं पहिलं गाणं ‘गँगस्टर्स’ हे ‘अल कपोन’वर बेतलेलं. ‘मॅडनेस’ बँडचं नाव बस्टरच्या गाण्यावरून, त्यांची पहिली तबकडी ‘द प्रिन्स’ त्यालाच वाहिलेली आणि त्यांच्या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत ‘वन स्टेप बियाँड’ हेही मूळचं त्याचंच. हे अल्बम आज प्रत्येक यादीत असतात. त्यांच्याच पोटातून अमेरिकी स्का-पंक निघालं. ‘ऑपरेशन आयव्ही’चा 1989 चा ‘एनर्जी’ मला त्यातला सर्वांत प्रामाणिक वाटतो, नव्वदीतल्या ट्रम्पेटवाल्या धांदलीपेक्षा कितीतरी. तरी त्या बँडांनी स्काचा वेग उचलला आणि बास मागे सोडला, असं माझं मत आहे.

बास गेला दुसरीकडे. किंग टबी हा रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. त्याने मुद्रित गाण्यातून आवाज काढून टाकून नुसता ड्रम आणि बास उरवण्याची कला घडवली. तेच ‘डब’. गाणं सोलून त्याची हाडं ऐकायची. डबचे पहिले अल्बम 1972-73 च्या आसपास आले आणि त्या मोजक्यांत बस्टरचा ‘द मेसेज डबवाइज’ आहे. तीस वर्षांनी दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमधल्या पोरांनी संगणकावर डबस्टेप घडवलं, तेव्हा पाया हाच होता. ब्रिक्स्टनच्या एका चर्चच्या इमारतीतल्या क्लबात माला, कोकी, लोफा ही मंडळी अंधारात असा बास वाजवत की तो कानाआधी छातीला कळायचा. 2007 चा ‘अनट्रू’ ही त्या क्लबातून रात्री उशिरा एकट्याने घरी परतण्याची गोष्ट आहे. तो मला ‘एक्झोडस’इतकाच प्रिय आहे, आणि हे ऐकून रेगेवाले मित्र चिडतात.

म्हणजे यादीतल्या तिन्ही रांगा मागे नेल्या की त्याच एका दुकानदार-गायकापाशी पोचतात. पण म्हणून त्याला ‘आपला माणूस’ म्हणून खांद्यावर घेऊन मिरवायला माझं मन तयार नाही. कारण श्रेय हडपण्याच्या खेळात तो फक्त बळी नव्हता. शॅगीने 1993 मध्ये ‘ओ कॅरोलिना’ नव्याने गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पैसा दिसू लागला तसा हक्काचा प्रश्न आला. गाणं आपलं, असं बस्टरचं म्हणणं. लंडनच्या हायकोर्टाने 1994 मध्ये निकाल दिला, की ते जॉन फोक्सचं आहे. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदाच मुळी 1993 चा. तोवर निर्माता रोख थोडे पैसे गायकाच्या हातावर ठेवायचा आणि तबकडीवर आपलं नाव छापायचा. बस्टरनेही तेच केलं होतं.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी. साठच्या दशकात त्याने ‘टेन कमांडमेंट्स’ नावाची तबकडी काढली होती. पुरुषाने बाईला घातलेले दहा हुकूम. नवऱ्याखेरीज कुणाकडे बघायचं नाही, उलट विचारायचं नाही, असा एकूण सूर. धर्मग्रंथाचा आवाज काढून केलेली ही दादागिरी मजेची म्हणून खपली, अजूनही काही जण हसून ऐकतात. मला ती ऐकवत नाही. आपल्या घरांत दीन-धर्माचं नाव घेऊन नेमके हेच हुकूम सोडणारे आवाज इतके ओळखीचे आहेत.

एप्रिल 2017 मध्ये बर्मिंगहॅममध्ये ‘इंग्लिश डिफेन्स लीग’ची निदर्शनं झाली. तिथे हिजाब घातलेल्या एका बाईला त्यांनी घेरलं, तेव्हा सफिया खान ही पाकिस्तानी-बोस्नियन कुटुंबातली तरुणी मध्ये पडली. अंगावर ओरडणाऱ्या पुढाऱ्याकडे खिशात हात घालून, हसत बघणारा तिचा फोटो जगभर गेला. ‘द स्पेशल्स’नी तिला बोलावलं. 2019 च्या त्यांच्या ‘एन्कोर’ अल्बमवर ‘10 कमांडमेंट्स’ नावाचं गाणं आहे. त्यात ती गात नाही, बोलते. आवाज न चढवता बस्टरच्या हुकमांची जागा तिचे स्वतःचे दहा हुकूम घेतात. मागे ठेका जुन्या जमैकाचाच. तो अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. चाळीस वर्षांच्या प्रवासात त्या बँडला हे आधी जमलं नव्हतं.

बस्टरने ते ऐकलं नाही. 8 सप्टेंबर 2016 ला तो मायामीत वारला होता.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी सुरुवात 1968 च्या ‘फॅब्युलस ग्रेटेस्ट हिट्स’पासून करावी. तोही खरं म्हणजे अल्बम नव्हे, सुट्या तबकड्यांची मोळी. ती संपली की लगेच ‘एन्कोर’ लावावा.